मंत्रिमहोदय, हार घातलात, आता कुलूप काढा

मा. विधी व न्याय मंत्री महोदय,

सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी महिला दिनाला आपण आमच्या तालुक्याच्या कोर्टात आलात, न्या. सुजाता मनोहर यांच्या तसबिरीला हार घातलात आणि पुढच्या 8 मार्चच्या आत महिला वकिलांना बाररूम आणि स्वच्छतागृह मिळेल असं जाहीर केलंत. टाळ्या मीही वाजवल्या. तो 8 मार्च येऊन गेला. बाररूम झाली, तीत जुन्या फायली रचल्या आहेत. स्वच्छतागृहही झालं, त्याला कुलूप आहे. किल्ली नाझरकडे, म्हणजे कोर्टाचा कारभार पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, आणि नाझर रजेवर.

परवा बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, माझा नंबर बराच खाली होता, म्हणून रस्त्यापलीकडे ओळखीच्यांच्या घरी गेले. कशासाठी, ते सांगायला नको. परतले तोवर पुकारा होऊन गेलेला, साक्षीदार मोकळा आणि रोजनाम्यात ‘नो क्रॉस’, म्हणजे माझी उलटतपासणीची संधी गेली. आता तो आदेश रद्द करून घ्यायला अर्ज, वर कॉस्ट म्हणजे दंडाचा भुर्दंड, वर पुढची तारीख. खावटीची, म्हणजे पोटगीची, वाट पाहणारी माझी पक्षकार विचारते, “ताई, तुम्ही होतात कुठं?” काय सांगू तिला? कोर्टाच्या दिवशी सकाळपासून पाणी तोंडाला लावायचं नाही, हे आम्ही सगळ्याच जणी सनद मिळाल्यापासून शिकलोय. मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, गोळ्या संपतात, पुन्हा होतो. डॉक्टर पाणी प्या म्हणतात. त्यांना कधी आमच्या कोर्टात उलटतपासणीला उभं करायला हवं.

भाषणात आपण ‘नारीशक्ती’ चारदा म्हणालात, मनोहर यांच्याबद्दल मात्र एक वाक्य नाही. मग मीच सांगते. मुंबई उच्च न्यायालय 1862 चं. तिथं पहिली स्त्री न्यायाधीश बसली 1978 मध्ये, 116 वर्षांनी. त्याच या. वडील के. टी. देसाई गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, स्वतः ऑक्सफर्डला शिकलेल्या, 1958 पासून वकिली. एवढं पाठीशी असणारीलाच जर ते दार उघडायचं असेल, तर आमच्यासारखीनं कशाच्या जोरावर ठोठवायचं? 1994 च्या जानेवारीत त्या मुंबईच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. एप्रिलमध्ये त्यांना केरळला पाठवलं, नोव्हेंबरात त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

1997 चा विशाखा निकाल ज्या तिघांच्या पीठानं दिला, त्यात त्या होत्या. लैंगिक छळाविरुद्धचा निकाल म्हणून तो सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच मार्गदर्शक तत्त्वांत कामाच्या जागी स्त्रियांसाठी आरोग्य आणि स्वच्छतेची योग्य सोय असावी, हेही लिहिलंय. म्हणजे ज्यांना हार घातलात, त्यांच्याच निकालाला आपण कुलूप लावलंत.

2021 मध्ये सरन्यायाधीश रमणा औरंगाबादेत, कायदामंत्र्यांच्या देखत म्हणाले होते की 26 टक्के न्यायालय संकुलांत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या न्यायालयांत ते बांधा म्हणून निकालच दिला. आमचं तर बांधूनही झालंय! तुमच्या नोंदीत ‘पूर्ण’ असेल. विचारायला गेलं की तुमचं खातं बांधकाम विभागाकडे बोट दाखवतं, बांधकाम कोर्टाकडे, कोर्ट पुन्हा खात्याकडे.

वर तरी काय वेगळं आहे? सर्वोच्च न्यायालय 1950 पासून आहे आणि 2025 पर्यंत तिथं पोचलेल्या स्त्री न्यायाधीश 11. पहिली स्त्री सरन्यायाधीश 2027 मध्ये होईल म्हणतात, तीही 36 दिवसांसाठी. खाली, जिथं परीक्षा देऊन जागा मिळते, तिथं मुली धडाधड न्यायाधीश होतात. वर, जिथं बंद दाराआड नावं ठरतात, तिथंच कशा कमी पडतात? लायक बाई सापडत नाही, हे उत्तर ऐकून कान किटलेत.

स्वच्छतागृह उघडा, फायली हलवा, झाडायला माणूस नेमा. एवढंच मागणं आहे आणि एवढ्यासाठी मंत्र्याला पत्र लिहावं लागतं. समिती नेमल्याचं मात्र कळवू नका. तिच्यात आमच्यातली एकही नसणार, हे आत्ताच सांगते.

आपली,
तालुका कोर्टातली एक वकील