जास्वंदीवर औषध मारण्याआधी मुंग्या पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस परतला, ऑक्टोबरचं ऊन चटका देऊ लागलं आणि ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये पाठीवर पंप अडकवलेली माणसं फिरू लागली. आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतही कंत्राटदाराच्या मुलांनी कुंपणालगतची सगळी झाडं कीटकनाशकाने सरसकट भिजवली. कीड होती फक्त जास्वंदीवर. मोगरा, अनंत, कढीपत्ता ठणठणीत होते. कढीपत्ता तर घरोघरी फोडणीला तोडला जातो. औषध कोणतं, पानं किती दिवस तोडायची नाहीत, असं विचारलं, तर त्या मुलांनाही ठाऊक नव्हतं. फलकावर साधी सूचना नव्हती.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. हे पाहून गप्प बसवत नाही.

जास्वंदीच्या शेंड्यांवर दिसणारा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. त्याच्या अंगावर मेणचट थर असतो, त्यामुळे औषधाचं पाणी त्याच्यापर्यंत धड पोचतच नाही. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांवर तो थर नसतो. मारायची ती तेव्हाच. म्हणून एका फवारणीत भागत नाही, आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी लागते. त्यासाठी जहाल औषधही नको. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत घालायचे, गाठ मारायची. खताच्या खड्ड्यात टाकायचे नाहीत. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घोळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने मारायचं. भर उन्हात मारलं तर पानं करपतात.

पण त्याहीआधी खोडाशी वाकून बघा. मुंग्यांची रांग दिसेल. वर जाणाऱ्या मुंग्या सडपातळ आणि खाली उतरणाऱ्यांची पोटं टम्म फुगून तुकतुकीत झालेली. मिलीबगच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्या पिऊन येतात आणि त्या बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. पानांवर काजळी चढते तीही याच चिकट्यावर. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर वेसलिनचा जाड थर द्या. भिंतीला टेकलेली फांदीही छाटा, नाहीतर मुंग्या तिथून चढतात. मुंग्या अडल्या की अर्धं काम होतं.

उरलेलं काम करणारा एक ढालकिडा आहे, क्रिप्टोलिमस. १८९८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागायतदार तो विकत आणून बागेत सोडतात. अडचण अशी, की त्याची अळीसुद्धा पांढरी, झुबकेदार, हुबेहूब मिलीबगसारखी दिसते आणि लोक तिलाच आधी चिरडतात. ओळख सोपी आहे. ती मिलीबगहून बरीच मोठी असते, अंगावरचे मेणाचे धागे लांब असतात आणि काडीने डिवचलं की भराभर चालू लागते. फवारणीतून सुटलेल्या एका फांदीवर मला अशा अळ्या मिळाल्या. बाकीच्या झुडपावर असतील त्या गेल्या.

पपईवरच्या मिलीबगचं उदाहरण आठवावं. २००८ मध्ये तो कोइमतूरजवळ पहिल्यांदा आढळला आणि झपाट्याने पसरला. फवारण्यांना तो पुरून उरला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला.

आणखी एक. पावसात माती वाहून जाते, झाडं मलूल दिसतात, म्हणून आपण युरिया टाकतो. त्याने कोवळी, रसरशीत फूट येते आणि रस शोषणाऱ्या किडींचं आयतं फावतं. त्याऐवजी कुंडीत दोन मुठी शेणखत घाला.

सोसायट्यांच्या कमिट्यांना कळकळीची विनंती: कंत्राटातली ‘दरमहा फवारणी’ काढा आणि ‘दरमहा पाहणी’ लिहा. कीड असेल त्याच झाडावर उपाय व्हावा, औषधाचं नाव आदल्या दिवशी फलकावर लागावं, कढीपत्ता, तुळस, ओवा यांना हात लावू नये. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने झाडाफुलांच्या प्रदर्शनात किडी आणि त्यांचे शत्रू भिंगाखाली दाखवणारं एक टेबल मांडावं. माळीकाम करणाऱ्या मुलांना तिथे आवर्जून बोलवावं. पंपातलं औषध सगळ्यात आधी त्यांच्या नाकातोंडात जातं आणि आमच्याकडे आलेल्या एकाच्याही तोंडाला साधा रुमाल नव्हता.

– एक निवृत्त शिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे