बाबा, त्या बटणाला हात लावू नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "फरशी गारच लागते, हे यंत्र काही कामाचं नाही." तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "मी तर स्वेटर काढून बसलेय!" तुम्हा दोघांचंही खरं आहे. म्हणून म्हटलं, तुमच्या हीट पंपाबद्दल, म्हणजे फरशीखालच्या पाइपांत कोमट पाणी फिरवून घर तापवणाऱ्या त्या यंत्राबद्दल, या वेळी लिहूनच पाठवावं. लांबून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, पण ऐका.

आपल्या तळपायाची कातडी साधारण 30 अंशांच्या आसपास असते आणि तुमची फरशी असते 24-25 ला. मग ती गरम लागेल कशी? पण खोली 21 अंशांवर असेल तर वरचे 3-4 अंश पुष्कळ झाले. फरशी खोलीपेक्षा 4 अंशांनी गरम असली की दर चौरस मीटरमागे जवळजवळ 40 वॅट उष्णता वर येते, आणि अख्खी खोलीच तापवायचं साधन असल्यावर त्यात भागतं. ऊन आत येऊन खोली 24 ला गेली की फरशीचं देणं आपोआप आटतं, कुणी काही बंद करावं लागत नाही. तेव्हा बाबा, पायाने तपासू नका. भिंतीवरचा आकडा बघा.

खोलीबाहेर पडताना दिवा मालवायची तुमची शिस्त आम्ही लहानपणापासून पाळली. इथे मात्र ती उलटी पडते, म्हणून त्या चालू-बंदच्या बटणाला हात नको. हसू नका, पण माझ्या घरी पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं. रात्री सगळं बंद, सकाळी उठल्या उठल्या पाणी 45 वर. पाइपांवर सहा-सात सेंटिमीटर जाड काँक्रीटचा थर आहे. तो तापायला तासन्‌तास लागतात, त्यामुळे सकाळी मी कुडकुडत ऑफिसला जायचे आणि दुपारी रिकामं घर उकडायचं. वर आणखी एक गंमत: एकदम एवढं मागितल्यावर पंपाला ते झेपेना, म्हणून आतला साध्या हीटरचा रॉड गुपचूप चालू व्हायचा. तो एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो. बिल आल्यावर कळलं.

पंप स्वतः उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. विहिरीतून पाणी शेंदताना पाणी जितकं वर तितके कष्ट कमी, तसंच हे. फरशीला 35 अंशांचं पाणी पुरलं तर फार कडाका नसलेल्या दिवशी एका युनिटमागे चारेक युनिट उष्णता मिळते. 55 चं मागा, हा हिशोब तीनच्याही खाली जातो. पाणी एका अंशाने उतरवलं तरी वीज दोन-तीन टक्के वाचते. म्हणून कोमट पाणी, पण दिवसरात्र. रात्री फार तर एखादा अंश कमी करा, बास.

आता आपली भांडणं. माझ्या खोलीचा व्हॉल्व्ह बंद केलात ना? मी नसते म्हणून कशाला तापवायची, हे कळतं मला. पण पाणी फिरायला जागा कमी झाली की पंप सारखा चालू-बंद होतो, आणि उरलेल्या फरशीला जास्त गरम पाणी लागतं. तो उघडा. जिन्याखालच्या कपाटात पितळी नळ्यांची रांग आहे, तिच्यावर काचेच्या छोट्या नळ्या दिसतील. प्रत्येकीत एक लाल खूण वरखाली होते. माझ्या खोलीची खूण शून्यावर बसली असणार. आणि आई, दिवाणखान्यातला तो जाड गालिचा काढ गं. फरशीवर पांघरूण घालून तिने ऊब द्यावी म्हणतेस!

पंपाच्या बाहेरच्या पेटीवर बर्फ साचून मध्येच वाफ निघाली तर घाबरू नका, ती स्वतःचा बर्फ वितळवते. फक्त पुढे-मागे काही ठेवू नका. आठवड्यातून एकदा आंघोळीच्या टाकीचा आकडा 60 वर जाईल, तो जंतू मारायला. फरशीच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही.

बाबा, तुम्हाला हात लावायचाच असेल तर एकाच गोष्टीला लावा. मेनूमध्ये हीटिंग कर्व्ह म्हणून आहे, म्हणजे बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम ठेवायचं ते. आधी सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट, म्हणजे खोली तापली की पाणी अडवणाऱ्या त्या कळा, पूर्ण उघडे ठेवा. मग तो कर्व्ह एक पायरी खाली आणा आणि दोन दिवस थांबा. खरंच थांबा! घर 21 वर टिकलं तर आणखी एक पायरी. टिकलं नाही तर एक पायरी वर. आईला थंडी वाजली तर 22 ठेवा, त्यात कंजुषी नको.

मीटरच्या त्या निळ्या वहीत चार रकाने आखा: बाहेरचं तापमान, जाणारं पाणी, परतणारं पाणी, खोली. जाणाऱ्या-परतणाऱ्या पाण्यात पाचेक अंशांचा फरक दिसला तर ठीक. फारच कमी-जास्त दिसला तर मला फोन करा, पान्हा घेऊन कपाटात शिरू नका. रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवा. आणि गालिच्याच्या जागेचाही, आई, मी विसरणार नाही.

तुमची,
धाकटी