चामडी सीटसाठी आभार

माझ्या जुन्या मोटारसायकलची चामडी सीट अखेर पूर्ण झाली असून, ज्यांची नावे विचारायचीही राहून गेली, अशा मदतनिसांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. झाडांच्या सालीत कमावलेले जाड कातडे भिजवून, पत्र्याच्या बैठकीवर ताणून सावलीतच वाळवावे, असे ज्यांनी बजावले त्यांच्यामुळे दुसरा तुकडा वाचला. पहिला मी उतावीळपणे उन्हात ठेवला आणि तो कडक होऊन कडांना वर वळला. एकाच भोकातून दोन सुया समोरासमोर ओवण्याचा टाका ज्या वृद्ध कारागिरांनी माझ्या हातातली भोके पाडायची आरी सरळ करीत शिकवला, त्यांचा मी विशेष ऋणी आहे, कारण त्यात एक दोरा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. चामडे कापायची रापी उसनी देणाऱ्यांचेही आभार. ती धार लावूनच परत करीन.