बॉट परत बोलायला लागला, सगळ्यांचे मनापासून आभार

सांगली मार्केट यार्डातले हळदीचे भाव टेलिग्रामवर सांगणारा आमचा बॉट परत सुरू झालाय, आणि ज्यांनी तो सुरू करून दिला त्यांची खरी नावंपण मला माहीत नाहीत, म्हणून हे जाहीर आभार. झालं असं, शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) बॉटची स्क्रिप्ट चालू केली की थोड्या वेळात गप्प, एरर नाही काही नाही, आणि होस्टिंगवाल्यांचं एकच पालुपद, आमच्याकडून सगळं ओके आहे. एका दादांनी पहिल्यांदा नीट सांगितलं की असल्या स्वस्त प्लॅनवर सतत चालणारी प्रोसेस सर्व्हरच मारून टाकतो, तिथं पोलिंगचा, म्हणजे नवा मेसेज आला का हे आपणच सतत विचारत बसायचा, नाद सोडा, वेबहुक लावा, म्हणजे मेसेज आला की टेलिग्रामच आपल्या पीएचपी फाइलला हाक मारतं.

लावला, तरी शांतताच! मग एका ताईंनी (बोलण्यावरून मिरजेकडच्या वाटल्या) गेट-वेबहुक-इन्फो (वेबहुकची स्थिती आणि शेवटची एरर दाखवणारी टेलिग्रामची सोय) उघडायला लावलं, तर तिथं सरळ लिहिलेलं, सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल, म्हणजे आमच्या साइटच्या सुरक्षा-सर्टिफिकेटची खात्री टेलिग्रामला पटत नव्हती. साइट ब्राउझरमध्ये झकास उघडायची ओ, कारण चेनमधलं (साइटचं सर्टिफिकेट मूळ विश्वासू संस्थेशी जोडणारी साखळी) मधलं सर्टिफिकेट नसलं तरी बरेच ब्राउझर स्वतःच मिळवून घेतात, टेलिग्राम तसलं काही करत नाही. आणि वेबहुकला पोर्ट (सर्व्हरवर आत यायचं दार) पण 443, 80, 88 नायतर 8443 एवढेच चालतात, हे सांगणाऱ्या भावालाही थँक्यू.

पूर्ण चेन टाकली आणि अडकलेले मेसेज भडाभडा आले, निम्मे एकाच काकांचे, "राजापुरी काय भाव?" सांगलीला आलात तर भडंग माझ्याकडून, नक्की.