सुयांच्या डब्यातलं व्हाउचर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात पावसाळी काविळीवर माहिती आली होती. पाणी उकळा, उघड्यावरचं खाऊ नका, सगळं बरोबर. पण आमच्याकडे आषाढात शिरलेली कावीळ नळातून नाही, औषधाच्या दुकानातून आली, आणि तिचा माग काढायला नऊ दिवस गेले.

हिचे डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज अशी की रात्रभर फणीने पाठ खाजवायची. वाड्यात निदान तात्काळ झालं. कुणी उसाचा रस आणला, कुणी काविळीची माळ. (काड्या वाळल्या की गाठी सैल होऊन माळ लांबते, पण ते असो.)

रक्तात बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ८.४, आणि यकृताच्या तपासणीतली दोन एन्झाइम्स, एसजीपीटी १९०, अल्कलाइन फॉस्फेटेज ४८०. हेपेटायटिस ए, बी, सी, ई चारही निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडा नाही. पोटाच्या डॉक्टरांनी कागदावर भागाकार मांडला. मी रेल्वेत जन्मभर हिशेब तपासले, म्हणून तो चटकन कळला. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या, म्हणजे ४० च्या, पावणेपाच पट. फॉस्फेटेज १२० च्या चौपट. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर ५ किंवा वर आलं तर मार यकृताच्या पेशींवर, २ किंवा खाली आलं तर पित्ताच्या वाहण्यात अडचण. हिचं १.२ आलं. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं असू शकतं. पण ते दाखवणारी अशी एक तपासणी नाही. बाकीची कारणं खोडत जायची आणि काय घेतलं, कधी घेतलं, ते जुळवायचं. तीन महिन्यांचं सांगा."

ही म्हणाली, "मी कुठे काय घेते? बीपीची गोळी, ती तर दहा वर्षं."

लेकीने खोदून विचारलं तेव्हा त्या 'कुठे काय'मधून एकेक निघालं. सांध्यांचं चूर्ण. शेजारच्या बेननी दिलेला गुळवेलीचा काढा, चार दिवस. (२०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृत बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले, आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. आम्ही चूर्ण आणि काढा दोन्ही बंद केलं.) आणि ज्येष्ठात दाढ ठणकली तेव्हा दुकानातून आणलेली गोळ्यांची पुडी. नाव? "लांबट पांढऱ्या होत्या." बिल नव्हतंच.

नवव्या दिवशी शिवणाच्या डब्यात सापडलं. सुया गंजू नयेत म्हणून हिने त्या गोळ्यांच्या पट्टीच्या चांदीच्या कागदात गुंडाळल्या होत्या. त्यावर 'पोटॅशियम क्लॅव्ह्यु' एवढंच. पुढचं दुकानदाराच्या कात्रीने नेलं. डॉक्टरांना तेवढं पुरलं. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनेट, चांगलं अँटिबायोटिक, असंख्य लोकांना बाधत नाही. क्वचित कुणाला बाधलं तर गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही कावीळ दिसते. हिच्या गोळ्या संपून चोवीस दिवस झाले होते. तोवर 'गेल्या महिन्यातली गोळी' कोण संशयितांत धरतो?

माझी तक्रार कात्रीबद्दल आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड (त्यात औषधाचं नाव, बॅच असते) सक्तीचा झाला. आपण पाच गोळ्या मागितल्या की तो कोड बहुधा उरलेल्या पाचांबरोबर दुकानातच राहतो. गल्लीतले काही डॉक्टर तर अजून सुट्या गोळ्या कागदात बांधून देतात, वर फक्त सकाळ-संध्याकाळ. आमच्या खात्यात व्हाउचरशिवाय रुपया पास होत नसे. बडोद्यातल्या दुकानदारांनी पट्टी कापलीच तर नाव, बॅच बिलावर लिहावं, पाच गोळ्यांचं असलं तरी.

आणखी एक. असा त्रास रुग्णही कळवू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. मला ती सत्तराव्या वर्षी कळली.

सात आठवड्यांनी, गौरी जेवायच्या आत, हिचे आकडे जागेवर आले. ते औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही, अशी चिठ्ठी पर्समध्ये आहे. तो कापलेला तुकडा मी रिपोर्टांच्या फायलीला टाचला, त्यावरून सध्या वाद चालू आहे. सुया कशात ठेवायच्या, असा हिचा प्रश्न आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
सलाटवाडा, बडोदे