दारावरच्या पाटीवर काय लिहू?

संपादक महोदय,
स.न.वि.वि. कालच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी विचारलंय की बीएसएफमधून, म्हणजे सीमा सुरक्षा दलातून, निवृत्त झालेले स्वतःला माजी सैनिक का म्हणवतात. नियमाने बरोबर आहे हो त्यांचं. भूदल, नौदल, हवाईदल, तिथे कुठल्याही पदावर, लढाऊ असो की बिगरलढाऊ, पेन्शन घेऊन आला की तो माजी सैनिक. आम्ही बीएसएफवाले गृहखात्याचे. पण पुढे त्यांनी 'सवलती लाटायला' असं जे लिहिलंय ना, त्यामुळे रात्री झोप नाही लागली म्हणून हे लिहितोय.

22 वर्षं नोकरी केली मी. 1996 ला कुपवाड्यात एलओसीवर होतो, तिथे हुकूम आर्मीचाच चालायचा. शेजारच्या पोस्टवर आर्मीचा स्वयंपाकी होता, आमच्याच तालुक्यातला. बर्फाने रस्ता बंद झाला की त्याच्या हातच्या पुऱ्या खायचो, त्याला नावं ठेवणार नाही. पण 2020 ला सरकारने माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली ती त्याची झाली, आणि मी सगळे कागद पिशवीत घालून ग्रामपंचायतीत गेलो तर तिथल्या पोराने 'हेड कॉन्स्टेबल' या शब्दावर बोट ठेवलं नि म्हणाला, आबा, हे पोलिसात येतं. 1,840 रुपये भरून घरी आलो. हिला सांगितलं तर म्हणते, एवढी वर्षं पोलिसाची बायको होते नि गावात कुणाला दम देता नाही आला, आधी सांगायचं ना!

2012 ला दिल्लीने आम्हाला नाव दिलंय, 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी'. एका दमात म्हणून दाखवा. अग्निवीरांतले बहुतेक चार वर्षांनी घरी येतील, त्यांनाही माजी सैनिक म्हणणार नाहीत म्हणे, म्हणजे आमच्या पंगतीला माणसं वाढणार.

आणि तुमचा पेपर तरी काय, आमच्यातला कुणी गेला की पहिल्या पानावर 'जवान शहीद', तेव्हा कॉन्स्टेबल कुणाला दिसत नाही.

दारावर 'माजी सैनिक' अशी पाटी पोराने हौसेने रंगवून घेतलीय. पुसायची असेल तर त्या गृहस्थांनी कळवावं, पेंटरचे पैसे मात्र त्यांनी द्यावेत.

जाता जाता, दिवाळीआधी मुक्कामी एसटीबद्दल पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाहीत. हे नाही छापलं तरी चालेल पण ते छापा, गाडी अजून बंदच आहे.

– एक वाचक, हेड कॉन्स्टेबल (निवृत्त)