हिवतापातून वाचलेल्या मुलांचे पुढे काय?

गडचिरोलीतील हिवतापाचे वृत्त वाचले. रुग्ण किती, मृत्यू किती, एवढ्यावरच आपली आकडेवारी थांबते. फॅल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या गंभीर हिवतापात बाधित रक्तपेशी मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटतात, मेंदूला सूज येऊ शकते, मूल झटके येऊन बेशुद्ध पडते. वेळेत उपचार मिळाले तर ते घरी जाते आणि नोंदवहीत ‘बरा’ असा शेरा पडतो.

युगांडातील कंपाला येथे अशा मुलांचा पाठपुरावा झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांनंतरही साधारण चारांपैकी एका मुलाच्या आकलनात, विशेषतः एकाग्रतेत, उणीव आढळली. आपल्याकडे असे मूल आश्रमशाळेत परतते, फळ्यावरचे उतरवताना मध्येच थांबते आणि सरळ ‘ढ’ ठरते. (मार खाते तो वेगळाच.)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आरोग्य तपासणी पथके शाळांत जातातच. रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर ‘मेंदूचा हिवताप’ असे स्पष्ट लिहावे आणि या मुलांची यादी पथकाकडे द्यावी. सहा महिन्यांनी व वर्षाने त्यांची तपासणी करण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

– एक निवृत्त शिक्षक, चामोर्शी (जि. गडचिरोली)